हक्क तिचा, कागद नवऱ्याचा

आमच्याकडे लग्न ठरते तेव्हा याद्या होतात. सांगलीच्या बाजूला अजूनही सुपारी फोडण्याआधी दोन्हीकडची वडीलधारी माणसे सतरंजीवर बसतात आणि मानपान कोणाचा, कार्यालय कोणाचे, वऱ्हाडाची गाडी कोण करणार, इथपर्यंतच्या गोष्टी कागदावर उतरवतात. मुलगा परदेशी असला की या यादीत आणखी दोन-तीन ओळी वाढतात : व्हिसाचा खर्च कोणी करायचा, तिकीट कोणी काढायचे, पहिल्या दिवाळसणाला येणार की नाही. गेल्या वीस वर्षांत अशा पंधरा-सोळा बैठकांना मी बसलो आहे, कारण मी करसल्लागार आहे आणि मुलाचे 'पॅकेज' म्हणजे हातात नेमके किती, हे नात्यातल्या लोकांना मलाच विचारावेसे वाटते. मुलाचा पगार विचारला गेला, घर भाड्याचे की स्वतःचे हे विचारले गेले, ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली हेही विचारले गेले. वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झालेल्या आणि पुण्यात सहा-सात वर्षे नोकरी केलेल्या मुलीला तिकडे उतरल्यावर कामावर जाता येईल का, आणि येत असेल तर ते ती कोणत्या कागदाने दाखवणार, हा प्रश्न मात्र एकाही यादीत मला दिसला नाही.

प्रश्न घरगुती वाटतो, पण तो तसा नाही. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला तिथे काम करू द्यावे की नाही, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो, आणि ते ठरवण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे हे आधीच मान्य करून टाकतो. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. हक्क द्यायचा नसेल तर देऊ नका. पण दिलात तर तो जिला दिला तिला, तिच्या स्वतःच्या कागदाने, नोकरी देणाऱ्यासमोर दोन मिनिटांत दाखवता येईल असा द्या. आज अनेक ठिकाणी हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो आणि बाई घरात असते, आणि या दोहोंच्या मध्ये एक न मिळालेला, उशिरा मिळालेला किंवा कोणाला न समजलेला कागद असतो.

सिंगापूरचा नियम मला कडक वाटतो, पण प्रामाणिक वाटतो. पूर्वी तिथे डिपेंडंट पास, म्हणजे परदेशी नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणारा परवाना, असलेल्या जोडीदाराला एका संमतिपत्रावर नोकरी करता येत असे. १ मे २०२१ पासून ती सोय बहुतांशी बंद झाली आणि नोकरी करायची तर स्वतःच्या पात्रतेवर स्वतंत्र वर्क पास काढावा लागेल असे सरळ सांगितले गेले. जाणाऱ्याला जाण्याआधी कळते. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांचे खुले, म्हणजे कोणत्याही मालकाकडे चालणारे, वर्क परमिट आवळले. पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान सोळा महिन्यांचा असेल, किंवा डॉक्टरेट अथवा ठरावीक व्यावसायिक शिक्षण असेल, तरच ते मिळते. हेही कळते. जर्मनीत कुटुंब म्हणून मिळणाऱ्या निवास परवान्यातच काम करण्याची मुभा असते, आणि नोकरी-व्यवसायास परवानगी आहे अशा अर्थाचे दोन जर्मन शब्द परवान्याबरोबर लिहून मिळतात. दुकानदारापासून मोठ्या कारखान्यापर्यंत कोणीही ते दोन शब्द वाचावेत आणि कामावर घ्यावे. मला हवे आहे ते एवढेच, दोन शब्द.

अमेरिकेत हे दोन शब्द मिळायला किती काळ लागला, ती कथा मुळातून पाहण्यासारखी आहे. कंपनीने आपल्याच अमेरिकी शाखेत बदली केलेला माणूस एल-१ व्हिसावर जातो आणि त्याची बायको एल-२ व्हिसावर. जानेवारी २००२ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला की, अशा जोडीदाराला सरकारने काम करण्याची परवानगी द्यावीच, आणि तिच्या कागदावर 'काम करण्यास अधिकृत' असा शेरा मारावा किंवा योग्य तो परवाना द्यावा. भाषा आज्ञार्थी आहे. तरीही जवळजवळ वीस वर्षे कारभार असा चालला की, बायकोने उतरल्यावर वेगळा अर्ज करायचा, शुल्क भरायचे, आणि रोजगार परवान्याचे कार्ड टपालाने येईपर्यंत महिनोन्महिने थांबायचे. कार्डाची मुदत संपली की पुन्हा तेच. काही जोडीदार न्यायालयात गेले; नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने तडजोड केली आणि मान्य केले की, एल-२ जोडीदाराचा हक्क तिच्या दर्जातच अंतर्भूत आहे, त्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही. मग ३० जानेवारी २०२२ पासून देशात प्रवेश करताना होणाऱ्या नोंदीत, ज्याला आय-९४ म्हणतात, जोडीदारासाठी 'एल-२एस' आणि मुलांसाठी 'एल-२वाय' अशी वेगळी अक्षरे येऊ लागली. ज्यांच्याकडे जुनी नोंद होती त्यांना एप्रिल २०२२ पासून टपालाने पत्रे पाठवली गेली. म्हणजे २००२ मध्ये कायद्याने मागितलेला शेरा २०२२ मध्ये एका अक्षराच्या रूपाने अवतरला.

या एका अक्षराची किंमत माझ्या भाचीमुळे मला कळली. ती २०२३ च्या उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर गेली. इथे पुण्यात सॉफ्टवेअर तपासणीचे काम सहा वर्षे केलेली मुलगी. तिथे तीन महिन्यांत दोन मुलाखती देऊन एका मध्यम आकाराच्या कंपनीकडून तिने होकार मिळवला. रुजू होण्याच्या आठवड्यात मनुष्यबळ विभागातल्या माणसाने तिचा पासपोर्ट पाहिला. व्हिसाच्या शिक्क्यावर नुसतेच 'एल-२' असते, 'एस' नसतो. तो फक्त आय-९४ वर असतो, आणि आय-९४ हा आता कागद राहिलेला नाही, संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे एक पान आहे. तिने ते पान छापून दिले. त्याने विचारले, कार्ड कुठे आहे? तिने नियम दाखवला. तो म्हणाला, आमच्याकडे आजवर सगळ्यांनी कार्डच दिले आहे. तिने नाइलाजाने ४१० डॉलर भरून कार्डासाठी अर्ज केला. कायद्याने गरज नसली तरी असा अर्ज करता येतो, आणि पुष्कळ जणी केवळ अशा माणसांसाठी तो करतात. कार्ड आले तोवर जागा भरली गेली होती.

त्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यापासून प्रत्येक नव्या कर्मचाऱ्यासाठी आय-९ नावाचा अर्ज भरावा लागतो. कर्मचारी रुजू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत मालकाने मूळ कागद पाहून सही करायची असते, आणि चूक झाली तर दंड मालकाला होतो. या अर्जासोबत कागदांच्या तीन याद्या छापलेल्या असतात. पहिल्या यादीतला एकच कागद ओळख आणि कामाचा हक्क दोन्ही सिद्ध करतो. नाहीतर दुसऱ्या यादीतून ओळखीचा एक आणि तिसऱ्या यादीतून हक्काचा एक द्यायचा. 'एल-२एस' अक्षरे असलेले आय-९४ तिसऱ्या यादीत बसते. त्याच्या जोडीला दुसऱ्या यादीतले काहीतरी लागते, म्हणजे व्यवहारात त्या राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र. आपला भारतीय पासपोर्ट इथे चालत नाही, हे ऐकून भाचीच्या सासऱ्यांना धक्काच बसला होता. याद्यांतला कोणता कागद द्यायचा ते कर्मचाऱ्याने ठरवायचे, मालकाने अमुकच आण असा हट्ट धरायचा नाही, असे नियम सांगतो, आणि राष्ट्रीयत्व वा नागरिकत्व बघून असा हट्ट धरला तर दाद मागायला न्याय खात्याचा एक विभागही आहे. पण नुकती उतरलेली, कोणाची ओळख नसलेली बाई पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मालकाविरुद्ध तक्रार करील, ही अपेक्षा कायदा करणाऱ्यांनी बाळगावी याची मला गंमत वाटते. शिवाय तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस आम्हाला नकोच, असे मालक म्हणाला तर त्यापुढे हा कायदाही तिच्या फारसा कामी येत नाही.

एल-२ ची गोष्ट त्यातल्या त्यात बरी. आमच्या भागातल्या बहुसंख्य मुली जातात त्या एच-४ वर, कारण नवरा एच-१बी वर, म्हणजे अमेरिकी मालकाने कुशल कामासाठी आणलेल्यांच्या व्हिसावर असतो, आणि एच-४ हा त्याच्या कुटुंबाचा व्हिसा. या जोडीदारांना २०१५ पर्यंत काम करायला मुळीच परवानगी नव्हती. त्या वर्षी २६ मे पासून लागू झालेल्या नियमाने ती दिली, पण सगळ्यांना नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतला आय-१४० हा टप्पा मंजूर झालेला असला, किंवा त्या प्रक्रियेमुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांपलीकडे वाढलेला असला, तरच. डिसेंबर २०१७ पर्यंत या नियमाखाली १,२६,८५३ अर्ज मंजूर झाले होते, आणि मंजुरी मिळालेल्यांत सुमारे ९३ टक्के भारतीय होते. स्त्रियांचे प्रमाणही तितकेच, सुमारे ९३ टक्के. एखाद्या परदेशी नियमाचे लाभार्थी इतक्या निखळपणे आपल्या घरातल्या बायका असाव्यात, आणि त्याची चर्चा आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतही होऊ नये, हे मला अजून उमगलेले नाही.

या नियमातली खरी मेख पुराव्यात आहे. अर्ज बायकोचा, बोटांचे ठसे बायकोचे, फोटो बायकोचा, आणि मुख्य पुरावा आय-१४० च्या मंजुरीचा. आता आय-१४० हा अर्ज नवरा करत नाही. त्याची कंपनी करते, आणि मंजुरीची नोटीस कंपनीच्या नावाने येते. काही कंपन्या ती कर्मचाऱ्याच्या हाती देत नाहीत. अशा वेळी पावती क्रमांक किंवा दुय्यम पुरावा देता येतो, पण तो मिळवण्यासाठीही नवऱ्याला कंपनीच्या वकिलांकडे अजिजी करावी लागते. या लेखाला मी दिलेले शीर्षक म्हणूनच थोडे चुकीचे आहे. हक्क तिचा, पण कागद नवऱ्याचाही नव्हे, नवऱ्याच्या मालकाचा.

कार्ड मिळाले तरी ते तिच्या एच-४ दर्जापलीकडे टिकत नाही, आणि तो दर्जा नवऱ्याच्या नोकरीपलीकडे टिकत नाही. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवसांच्या आतच करता येतो, आणि निकाल यायला कधी त्याहून अधिक वेळ लागतो. पूर्वी अर्ज वेळेत केला असेल तर जुने कार्ड आपोआप लांबत असे, २०२५ च्या आरंभी हा काळ कायमस्वरूपी ५४० दिवसांचा करण्यात आला होता. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अर्जांसाठी ही सोयच काढून घेण्यात आली. नवऱ्याचा आणि बायकोचा अर्ज एकत्र निकाली काढण्याचे आश्वासन सरकारने एका खटल्यात दिले होते, त्याची दोन वर्षांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. कागद येण्यास उशीर सरकारी कचेरीचा, आणि त्या दिवशी संगणक परत करून घरी बसायचे तिने.

करसल्लागार म्हणून मला या व्यवस्थेतली एक गोष्ट विशेष खटकते. काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-४ पत्नीला सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथे नोकरी-पगारासाठी लागणारा सरकारी क्रमांक, मिळत नाही. पण नवऱ्याने दोघांचे मिळून विवरणपत्र भरायचे तर तिला करदाता म्हणून एक वेगळा क्रमांक घ्यावा लागतो, आणि हा क्रमांक कामाच्या हक्काचा पुरावा नाही असे बजावलेलेही असते. म्हणजे कराच्या हिशेबात ती व्यक्ती म्हणून उभी राहते आणि रोजगाराच्या हिशेबात ती नसते. मी इथे बसून अशी काही विवरणपत्रे पाहिली आहेत. तिच्या नावापुढच्या व्यवसायाच्या चौकोनात 'गृहिणी' लिहिताना ज्या मुलीच्या पहिल्या पगाराचे फॉर्म सोळा मीच तपासले होते तिचे नाव समोर आले, तेव्हा पेन थोडे थांबले होते.

विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. २०१५ चा नियम लागू होण्याआधीच, त्या वर्षी एप्रिलमध्ये, अमेरिकी संगणक कर्मचाऱ्यांच्या एका गटाने त्याविरुद्ध दावा लावला. यातले लोक दक्षिण कॅलिफोर्नियातील एका वीज कंपनीत कामाला होते आणि एच-१बी वर आणलेल्या माणसांमुळे आपली नोकरी गेली असे त्यांचे म्हणणे होते. दावा साडेदहा वर्षे चालला. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने ते हरले, पण त्यांची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सांगलीत परप्रांतातून कामगार आले की आपण काय बोलतो ते आठवून पाहावे. स्थानिकांच्या रोजगाराची काळजी ही कोणत्याही देशाची रास्त काळजी आहे, आणि तिच्यापोटी एखाद्या देशाने जोडीदारांना कामाची परवानगी नाकारली तर मला ते आवडणार नाही, पण अन्याय म्हणता येणार नाही. मात्र ही काळजी नियमात मांडायची असते. परवानगी द्यायची आणि कागद अडवून ठेवायचा, यात स्थानिकाला नोकरी मिळतेच असे नाही. फक्त परवानगी मिळालेल्या बाईचे वर्ष जाते.

आपल्या देशाकडेही बोट दाखवायला हवे. भारतात रोजगार व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाच्या जोडीदाराला प्रवेश व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. करायची तर ती व्यक्ती स्वतः रोजगार व्हिसाच्या अटींत बसावी लागते. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला ओसीआय कार्डासाठी, म्हणजे इथे राहण्याची आणि काम करण्याची मुभा देणाऱ्या कार्डासाठी, लग्न नोंदवून आणि टिकवून दोन वर्षे थांबावे लागते. तेव्हा परक्यांना उदारपणा शिकवण्याआधी आपल्या घरचा नियम आठवलेला बरा. माझी मागणी उदारपणाची नाहीच, स्पष्टपणाची आहे, आणि ती दिल्लीलाही तितकीच लागू आहे.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथे कुशल कामगार व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला जवळपास कोणतेही काम करता येते. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक होता येत नाही, एवढाच ठळक अपवाद. पुराव्याची रीतही सोपी करण्यात आली आहे. हाती धरायचे कार्ड जाऊन आता सारे संगणकावर आहे. बाईने सरकारी संकेतस्थळावरून एक 'शेअर कोड' काढायचा, मालकाला द्यायचा आणि मालकाने तिचा फोटो व हक्क पडद्यावर पाहायचा. कोड नव्वद दिवस चालतो. तो तिच्या नावाने निघतो, नवऱ्याच्या मालकाला विचारावे लागत नाही. मला हे पटते. पण चुकीच्या माणसाला कामावर ठेवल्यास पहिल्या खेपेसच माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड, २०२४ पासून, अशी टांगती तलवार असल्याने छोटे मालक कोड उघडण्याआधीच घाबरतात, असे तिकडे राहणारे आपले लोक सांगतात. आणि हे सगळे ज्यांना कुटुंब नेता येते त्यांच्यापुरते. ११ मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्या शुश्रूषा कामगारांना, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना, जोडीदार नेण्यास बंदी झाली. अशी कामे करणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत. त्यांचे नवरे-मुले मायदेशी राहिली.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. आपण 'डिपेंडंट' म्हटले की बाई डोळ्यांसमोर आणतो. मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनचे रुग्णालय काढल्यापासून परिचारिका घडवण्याची परंपरा आहे, आणि आज परदेशात मागणी परिचारिकांना आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही आरोग्यसेवेचा भाग मोठा आहे. उद्या मिरजेची परिचारिका पुढे जाईल आणि तिचा नवरा, जो इथे कुपवाडच्या कारखान्यात टर्नर आहे, तिच्या मागून कुटुंबाच्या व्हिसावर जाईल. त्याने सहा महिने घरी बसून कार्डाची वाट पाहिली, तर हा विषय एकाएकी सार्वजनिक होईल अशी माझी अटकळ आहे. माझे चूक ठरले तर मला आनंदच होईल.

आमच्या भागाला स्थलांतर नवे नाही. साताऱ्याच्या पाटण-जावळीकडचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले. बायका मागे राहिल्या, डोंगरउतारावर नाचणी-भात पिकवत, मनिऑर्डरची वाट पाहत. त्यांच्या वाट्याला विरह होता, पण रिकामपण नव्हते. घर त्यांच्याच हातावर चालत होते. विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशभर पसरले, तामिळनाडूपासून बंगालपर्यंत. त्यांनी बायका बरोबर नेल्या. त्या बायका परमुलखातली भाषा शिकल्या, वेळेला गल्ल्यावर बसल्या, आणि त्यांना कोणी विचारले नाही की तुमचा काम करण्याचा परवाना कुठे आहे, कारण देशात कुठेही राहण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने त्यांच्या स्वतःच्या नावावर दिला होता. नवऱ्यामार्फत नव्हे. सीमा ओलांडली की हे बदलते. बायकोला मागे ठेवण्याचा काळ गेला आणि बरोबर नेण्याचा आला, पण बरोबर नेऊन बसवून ठेवण्याची ही तिसरी पद्धत आपल्या आज्या-पणज्यांनाही माहीत नव्हती.

आता आपल्या बाजूची चूक. परदेशी कचेरीला जोडीदार म्हणून काही द्यायचे तर मुळात लग्न आणि माणूस दोन्ही सिद्ध करावे लागतात, आणि इथे आपण हौसेने गोंधळ घालतो. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. सोहळा गोड आहे, फोटो छान येतात. पण त्यानंतर पदवीवर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे अशी त्रिस्थळी यात्रा सुरू होते. पहिले नाव बदलले नाही तरी मधले बदलते. शिवाजी विद्यापीठाच्या कागदावर वडिलांचे नाव, पासपोर्टवर नवऱ्याचे, आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी. परदेशातल्या कारकुनाला आपली मधल्या नावाची रीत ठाऊक नसते. त्याला या दोन बायका दिसतात. मग राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात, प्रतिज्ञापत्र, भाषांतर, आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने खुलासा. नाव बदलणे हा ज्या त्या मुलीचा प्रश्न आहे, मी त्यात पडणार नाही. मात्र तिने ते बदलायचे असेल तर व्हिसाचा अर्ज करण्याआधी सगळ्या कागदांवर एकदम बदलावे, नाहीतर मुळीच बदलू नये, एवढे मी नात्यातल्या प्रत्येक मुलीला सांगतो. दोन सासूबाई माझ्यावर नाराज आहेत.

लग्नाच्या नोंदणीचेही तसेच. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्याच राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितले. खेड्यात ग्रामसेवकाकडे, शहरात महापालिकेत हे काम होते. तरी पुष्कळ घरांत नोंदणीची आठवण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आल्यावर होते. मग भटजींची सही आणा, साक्षीदार गोळा करा, लग्नपत्रिका शोधा. पत्रिकेवर मुलीचे घरातले लाडके नाव छापलेले असले तर पुढचे विचारू नये.

हे सगळे इथले आपल्या हातात आहे. तिकडचे हातात नाही, पण त्याबद्दल बोलणे हातात आहे. परदेशांशी मनुष्यबळाचे करार करताना आपले सरकार किती माणसे घेणार, भाषा कोण शिकवणार, हे ठरवते. जोडीदाराला कामाचा हक्क आहे का आणि तो पहिल्या दिवसापासून कोणत्या कागदाने दिसेल, हे कलम त्यात घालायला सांगणे फार मोठी गोष्ट नाही. अवलंबित व्यक्तीचा पुरावा तिच्या हाती स्वतंत्रपणे यावा, अर्ज वेळेत केला असेल तर निकाल लागेपर्यंत काम सुटू नये, आणि नवऱ्याच्या कंपनीकडे असलेल्या कागदासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढ्या तीन गोष्टी मागता येतील. चौथी गोष्ट मोडलेल्या संसाराची आहे. घटस्फोट झाला की एच-४ दर्जा जातो, त्याबरोबर कामाचा हक्कही. नवऱ्याचा छळ सोसणाऱ्या एच-४ पत्नीला स्वतंत्रपणे रोजगार परवाना मागता यावा अशी तरतूद अमेरिकेत २००६ मध्ये कायदा झालेल्या दुरुस्तीत आली. तिचा अर्ज निघायला २०१७ उजाडले. जिला मारहाण होते आहे तिला अकरा वर्षे छापील अर्जाची वाट पाहायला लावणारी व्यवस्था काही दुष्ट हेतूने चालत नाही. तिला घाई नसते, इतकेच.

गेल्या मार्गशीर्षात चुलतभावाच्या मुलीच्या बैठकीला मी बसलो होतो. मुलगा टेक्सासात, घरचे लोक कऱ्हाडचे, माणसे चांगली. मानपान झाला, कार्यालय ठरले, चहा आला. मी विचारले की मुलाचा व्हिसा कोणता आणि त्याचे आय-१४० मंजूर झाले आहे का. खोलीत थोडी शांतता पसरली. मुलाचे काका माझ्याकडे, मी पगाराच्या पावत्या मागितल्यासारखे पाहू लागले. मुलाच्या वडिलांनी मात्र तिथूनच फोन लावला. तिकडे पहाट होती. उत्तर आले : एच-१बी, आय-१४० अजून दाखल व्हायचे आहे, कंपनीने पुढच्या वर्षी करू म्हटले आहे. मुलगी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. लग्न मोडले नाही, तारीखही तीच राहिली. मुलीने फक्त पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला होता तो फाडला, कंपनीकडे वर्षभर घरून काम करण्याची परवानगी मागितली, आणि व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांची यादी मागायला दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कचेरीत आली. भारतीय कंपनीचे काम एच-४ वर अमेरिकेत बसून करता येणार नाही, हे मला तिला तेव्हाच सांगावे लागले. ती म्हणाली, काका, मग मी पुढच्या वर्षीच जाते.